अस्तराचा वास

मोनालीच्या पाठीशी उभी राहून शेवंता ब्लाऊजचे हुक लावत होती तेव्हा तो वास पहिल्यांदा आला. आधी तिला वाटलं, ट्रायल रूमचाच असेल. समता कॉलनीतल्या त्या बुटिकची ट्रायल रूम म्हणजे गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याखालची खोबण. एक आरसा, नुसताच घरघरणारा पंखा आणि मळका पडदा. किती पोरी रोज इथे कपडे काढत असतील, घालत असतील. पण वास पडद्याचा नव्हता. मोनालीनं हात वर केला की यायचा, खाली केला की दबायचा. आणि तो मोनालीचाही नव्हता. या भाचीला शेवंतानं मांडीवर आडवं घेऊन न्हाऊ घातलं होतं, तिच्या अंगाचा वास तिला डोळे मिटून ओळखता आला असता. हा दुसऱ्याच कुणाचा तरी घाम होता. वाळलेला, मुरलेला, त्यावर कसलासा गुलाबाच्या वासाचा स्प्रे मारलेला. शेवंताच्या घशाशी आंबट काहीतरी आलं. ते तिनं गिळलं आणि पुढचा हुक लावला.

"आत्या, सांस नहीं आ रही मेरेको," मोनाली म्हणाली. ती सकाळपासून असंच काहीबाही म्हणत होती. लग्न पुढच्या आठवड्यात होतं. हिंदी मुलखात वाढलेली ती, मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. घाबरली की तर मराठीचा एक शब्द सापडायचा नाही. "येईल श्वास, येईल. पोट आत घेऊ नको, सोड," शेवंता म्हणाली. म्हणूनच तर शेवंताला सोबत पाठवलं होतं. मोनालीची आई स्वतःच रडायला लागायची. कालच म्हणाली होती, "तुम्हीच जा बाई तिच्यासंगं. तुम्ही शांत ठेवता तिले. मी गेली तर दोघी रडत बसू." विहारातल्या लग्नासाठी पांढरी साडी घरीच घेतली होती, साधी, बारीक जरीची. तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न रिसेप्शनच्या लेहंग्याचा होता. तो मुलाकडून आला होता. मोनालीच्या होणाऱ्या सासूनं, विमलाबाईंनी, चार बायकांसमोर खोका उघडून दाखवला होता. सदर बाजारातून खास घेतला, म्हणाल्या होत्या. डाळिंबी रंग, वर जरदोजीचं जड काम. बायकांनी हात लावून लावून पाहिला. शेवंतानंही लावला होता. तेव्हा वास आला नव्हता. तेव्हा खोक्यात वाळ्याच्या पुड्या होत्या.

बाहेर मोठ्या आरशासमोर मोनालीला उभं केलं. बुटिकवाली सोनिया मॅडम गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होती, मधेच फोनवर दुसऱ्या कुणाला तरी पिको झाल्याचं सांगत होती. कंबरेत लेहंगा लागत होता, छातीत ब्लाऊज ढगळ होता. जणू बेतताना समोर दुसरंच शरीर होतं. सोनियानं बाजूची शिवण उलटी करून पाहिली. "अरे, इसमें तो पहले भी काम हुआ है," ती सहज म्हणाली. "ये देखो, पुराने टाँके के छेद. किसी ने अंदर लिया है. कोई बात नहीं दीदी, मार्जिन है, खोल दूँगी." मोनालीनं मान वळवून शिवणीकडे पाहिलं. "पहले मतलब? नया है ना ये, आत्या?" आणि शेवंताच्या तोंडून वाक्य आलं. विचार करावाच लागला नाही. "नवाच हाय वं. दुकानात पुतळ्याले घालतात ना, तवा कमीजास्त करत असतील." किती गुळगुळीत आलं ते. आवाजात मायासुद्धा होती. मोनालीनं मान हलवली, आणि शेवंताला स्वतःच्याच जिभेची शिसारी आली, दुसऱ्याची जीभ चुकून तोंडात आल्यासारखी. सोनियानं ब्लाऊजची बाही उलटी केली. अस्तरावर काखेत डाग होता. पिवळट, कडा गडद, मधे फिका. चहाचा पेला ठेवून उचलल्यावर राहतो तसा. सोनियानंही पाहिला. तिनं बाही पुन्हा सुलटी केली आणि पुढची टाचणी घेतली. गिऱ्हाईक तुटू नये, एवढीच तिला काळजी.

शेवंता कधी नाक मुरडत नाही, अशी तिची ख्याती होती. लग्न होऊन डोंगरगढच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली तेव्हा त्या घरात न्हाणीघरात एकच टॉवेल होता. सासरा, दोन दीर, नवरा, सगळ्यांची अंगं पुसून झाली की तो ओला, जड, साबणाचा बुळबुळीतपणा धरलेला टॉवेल तिच्या वाट्याला यायचा. पहिल्या दिवशी तिनं पदरानं अंग पुसलं. सासूनं पाहिलं. "काहून? आमची घाण वाटते का तुले?" त्या 'घाण' शब्दानं ती आतून हलली होती, कारण तिच्या बापाच्या तोंडी तो शब्द वेगळ्या अर्थानं असायचा. बाप, हिरालाल, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. जेवताना सांगायचा, "लोकायनं आपली किळस केली. आपण कोणाचीच करायची नाही. माणसाच्या अंगाले विटाळ नसते." हे ऐकत मोठी झालेली पोरगी सासरच्या माणसांच्या टॉवेलाची किळस कशी करणार? दुसऱ्या दिवशी तिनं तो टॉवेल उचलला आणि तोंड पुसलं. त्यानंतर काय काय पुसलं, काय काय गिळलं. दिराची ओकारी, सासऱ्याचं बेडपॅन, रात्री नवऱ्याच्या तोंडचा तो वास. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, शेवंताचं मन मोठं हाय. तिलाही ते खरं वाटायचं. पण बापाचंच आणखी एक होतं, आणि ते तिला आता, या आरशासमोर, आठवलं. ती लहान असताना कारखान्यातल्या साहेबाच्या बंगल्यावरून एक फ्रॉक आला होता. साहेबाच्या पोरीचा, तिला लहान झालेला, निळा, कॉलरला लेस. तिनं घातला होता आणि अंगणात गोल फिरत होती. बाप आला, बघत राहिला, मग खाली बसला आणि हळूच पाठीची बटणं काढली. "कोणाचं उतरलेलं घालायचं नाही, शेवंता. ते दिवस सरले आपले." ती रडली होती. आईनं त्या फ्रॉकची पोतेरी केली. किळस करायची नाही, आणि उतरलेलं घालायचं नाही. दोन्ही तोच माणूस सांगायचा. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

"ये किसका है?" मोनालीनं अचानक विचारलं. तिनं बाही स्वतःच उलटी केली होती. डाग तिच्या नाकाजवळ होता.  शेवंता पुढे झाली, "अवं, कापडाले असते असं," असं काहीतरी म्हणायला. पण मोनालीनं हात आडवा केला. टाचण्यांमुळे तिला नीट हलता येत नव्हतं. तिनं फोन सोनियाच्या हातात दिला, होणाऱ्या नवऱ्याचा, यशदीपचा, नंबर लावायला लावला, स्पीकरवर. यशदीप वीज कंपनीच्या ऑफिसात होता, मागे कुणीतरी हसत होतं. "हाँ, मीरा भाभीवाला है ना," तो म्हणाला. अगदी सरळ. जेवलीस का विचारावं तसं. "क्यों, कुछ हुआ क्या? एक ही बार तो पहने हैं. मम्मी ड्राइक्लीन करवा दी थीं. तुमको मत बताना बोली थीं, तुम टेंशन लेती हो करके." मोनालीनं बाही हातातून सोडली. "हॅलो? फिटिंग हो गया?" तो म्हणाला. सोनियानं फोन बंद केला आणि आत जाऊन पाणी आणलं.

मीरा. यशदीपच्या मोठ्या भावाची, सचिनची, बायको. सोयरिकीच्या वेळी विमलाबाईंनी स्वतःच विषय काढला होता, मागाहून कळायला नको म्हणून. सोफ्यावर बसून, कपाळाला आठ्या पाडून त्यांनी सांगितलं होतं, पोट्टी टिकली नाही, वर्षभरात माहेरी गेली, केस चालू हाय. आणि जाताना काय काय नेलं म्हणता! दागिने तं दागिने, पडद्याचे हुकबी सोडले नाही. तेव्हा शेवंताच्या हातात चिवड्याची बशी होती. ती 'च् च्' म्हणाली होती. आपल्याच तोंडातला तो आवाज आता तिला आठवला, दातात अडकलेल्या शेंगदाण्यासकट, आणि तिला खरोखरच बाहेर जाऊन थुंकावंसं वाटलं. मीराला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण आता ती पाहत होती. याच डाळिंबी कापडात, स्टेजवरच्या त्या लाल मखमली खुर्चीत, दिव्यांच्या उष्णतेत, हात जोडजोडून, काखा भिजून गेलेल्या. ती पोरगीसुद्धा अशीच घाबरलेली असेल. हा घाम भीतीचा असेल. आणि हे मनात येताच त्या वासाचं काहीतरी बदललं. तो गेला नाही, पण परका राहिला नाही. शेवंतानं बाहीला नाक लावलं, मुद्दाम, आणि ओकारी आली नाही. मग मघापासून पोटात ढवळत होतं ते कशानं?

त्याच वेळी विमलाबाई जिना चढून आल्या. त्या येणारच होत्या, फिटिंग बघायला. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, केस काळे केलेल्या, गळ्यात पावडरीच्या रेषा. त्यांच्यासोबत चंदनाच्या पावडरीचा लोटच आत आला. "वा! काय खुलून दिसून राहिली!" म्हणत त्यांनी मोनालीची हनुवटी धरली, मग दोन बोटं लेहंग्याच्या कंबरेत सरळ आत घातली आणि फिरवून पाहिली, पिशवीत किती जागा उरली ते पाहावं तशी. मोनालीचं पोट आत ओढलं गेलेलं शेवंताला दिसलं. ती कोरडी, सुगंधी, अंगठ्या घातलेली बोटं. त्यांवर घामाचा थेंब नव्हता. शेवंताच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"विमलाताई, हा मीराचा हाय ना?" तिनं विचारलं.

विमलाबाईंनी बोटं काढली. क्षणभरच थांबल्या. "हो. घरचाच हाय. एवढं भारी काम, कपाटात सडवायचं काय? कोण पाहायले येते?"

"तुम्ही म्हणाल्या, ती सगळं घेऊन गेली."

"जे हाती लागलं ते नेलंच ना तिनं." मग त्यांनी आवाज खाली आणला, समजूत घालायचा केला. शेवंताला तो आवाज ओळखीचा होता, ती स्वतः रोज काढायची तो. "बाई, तुम्ही समजदार आहात. आपण काय सोवळं-ओवळं पाळणारी माणसं आहो का? आपल्या लोकायनं विटाळ मानायचा? एकीनं घातलं म्हणून दुसरीले चालत नाही, हे कोणाचे विचार झाले? तुमच्या वडिलांचं नाव ऐकलं हाय मी, विहाराच्या कमिटीत होते ते."

  शेवंताच्या आत तीच भीती उठली, जी टॉवेलाच्या दिवशी उठली होती, की आपण त्या दुसऱ्या लोकांसारख्या होतोय, बंगल्यातल्या लोकांसारख्या, नाक वर करणाऱ्या. इतकी वर्षं प्रत्येकानं तिला इथेच धरलं होतं. तिच्या बापाचं चांगलं वाक्य घेऊन तिच्या तोंडात कोंबलं होतं आणि तिनं ते चावून गिळलं होतं. सासू, नवरा, आता ही बाई. तिचं मन मोठं होतं म्हणून नव्हे, तर 'तुले आमची घाण वाटते का' या प्रश्नाला तिच्याकडे कधी उत्तर नव्हतं म्हणून. आणि आता उत्तर समोर टाचण्या टोचून उभं होतं. हो, वाटते. अंगाची नाही. अंगाला काही विटाळ नसतो, बापाचं खरंच होतं. पण एका पोरीला घराबाहेर घालायचं, तिचं आपल्याजवळ ठेवून घ्यायचं, वर तिलाच चोर म्हणायचं, मग गुलाबाचा स्प्रे मारून ते दुसरीच्या अंगावर चढवायचं, याची घाण वाटते. आणि हे सगळं कळत असूनही 'नवाच हाय वं' म्हणणाऱ्या बाईची तर सगळ्यात जास्त.

"विटाळ नाही, विमलाताई," ती म्हणाली.  "चोरी हाय."

सोनिया मॅडमनं मान खाली घातली आणि टाचण्यांचा डबा उगाच नीट करू लागली. विमलाबाईंचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळा. आमच्या घरात आलेली वस्तू आमची. लग्नात मिळाली, आमच्या घरी राहिली."

"उसकी मम्मी ने दिया था?" मोनालीनं विचारलं. आत्तापर्यंत ती आरशातूनच दोघींकडे बघत होती.

"कोणी का देईना."

"मतलब मेरी मम्मी जो देगी, वो भी?" मोनाली हळूहळू बोलत होती, एखादं गणित सोडवावं तशी. "कल को मैं जाऊँगी, तो मेरा भी कोई पहनेगा?"

"काय येड्यासारखं बोलून राहिली ही! लग्नाआधीच जायच्या गोष्टी! बाई, सांगा तिले. पत्रिका वाटल्या, हॉल झाला. तुम्ही सांगा, तुमचं ऐकते ती."

खरं होतं, ती शेवंताचंच ऐकायची. आणि शेवंताच्या तोंडात वाक्यं रांगेनं उभी होती, एकीमागून एक. लहानसहान गोष्टी असतात वं. संसारात चालते. नवा घेऊन देऊ ना आपण, त्यात काय. यशदीप चांगला हाय. प्रत्येक वाक्य तयार, कोमट, थोडंसं गोड, सगळ्यांनी वापरलेलं. तिनं दात आवळून धरले. मोनाली तिच्याकडे बघत राहिली, आणि शेवंता काहीच बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं. मग ती वळून जिन्याखालच्या खोबणीत गेली. पडद्याआड टाचण्या फरशीवर पडत असल्याचा आवाज येत होता. ती बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा अंगावर स्वतःची कुर्ती होती, केस विसकटलेले, काखेत, येताना बांधून आणलेल्या चादरीतच गुंडाळलेला लेहंगा.  तोंड उघडलं तेव्हा मराठी आली.

"मले नाही करायचं," ती विमलाबाईंना म्हणाली. "यशदीपले मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

विमलाबाईंनी बोचक्याला हात घातला. मोनालीनं ते सोडलं नाही. दुसऱ्या बाजूला शेवंताचा हात होता. क्षणभर तिघी बायका त्या चादरीला धरून उभ्या राहिल्या. जिन्यावरून दोन गिऱ्हाइकं वर येत होती. विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. चारचौघांत ओढाताण करणं त्यांना परवडणारं नव्हतं.

स्कूटी मोनालीनं चालवली. शेवंता मागे बसली, मांडीवर ते बोचकं. ऊन कडक होतं, चौकातल्या नाल्याचा वास, फोडणीचा वास, धूर, सगळं एकत्र अंगावर येत होतं. आपण काही मोठं केलं असं तिला वाटत नव्हतं. भावजय रडरड रडेल. भाऊ बोलणार नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडेल. लोक म्हणतील, आत्यानं लग्न मोडलं.  डोंगरगढचं न्हाणीघर, तिथली शेवाळलेली फरशी, सगळं वर येत होतं. एका सिग्नलला तिनं गाडी थांबवायला लावली, कडेला उतरली आणि ओकली. मोनालीनं पाठीवर हात फिरवला, बाटलीतलं पाणी दिलं. "घर चलें?" तिनं विचारलं. शेवंतानं मान हलवली, नाही. वॅगनच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या पुतण्याला तिनं तिथूनच फोन केला, मीराचं घर कुठे ते विचारायला. मीराचं माहेर रेल्वे कॉलनीत होतं. आपल्या समाजाचं घर, शोधायला वेळ लागला नाही.

दार मीरानंच उघडलं. हात पिठानं भरलेले, चेहरा तिच्या वयापेक्षा थकलेला. शेवंतानं कल्पनेत रंगवली होती त्यापेक्षा ती उंच होती आणि कमी गरीब दिसत होती. मोनालीनं अडखळत सगळं सांगितलं, हिंदीत, आपण कोण, कुठून आलो, कसं कळलं. चादरीची गाठ सोडून लेहंग्याची कड दाखवली. मीरा त्या कापडाकडे पाहत राहिली. घेतलं नाही, हातही लावला नाही.

"बस हेच?" तिनं विचारलं. "हेच आणलं?"

शेवंताला कळलं नाही.

"याचं मी काय करू, मावशी? कधी घालणार हाय मी हे?" मीराचा आवाज चढला नाही. "माझ्या नर्सिंगच्या मार्कशीटा त्यायच्यापाशी हायेत. रजिस्ट्रेशन, सगळे ओरिजिनल. दोन वेळा पोलिसात सांगून झालं. ते म्हणतात, आमच्याकडं काहीच नाही, सगळं घेऊन गेली. कागदाबिगर कोणता दवाखाना ठेवते मले? पोळ्या लाटून राहिली लोकायच्या." मागे स्वयंपाकघरात खरोखरच डब्यांची रांग दिसत होती.

शेवंता उंबऱ्यावर उभी होती. तिला घरी जायचं होतं. डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं, दार लावून पडायचं होतं. वकील पाहू, समाजाच्या लोकांना सांगू, उद्या-परवा बघू, हेसुद्धा तोंडाशी आलं. तेवढ्यात तिनं मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं बोचकं ओट्यावर ठेवलं होतं आणि ती स्कूटीची चावी मुठीत धरून उभी होती.

"चलिए दीदी," मोनाली म्हणाली. "अभी वो लोग डरे हुए हैं. कल को नहीं देंगे."

"मी त्या घरात पाय नाही ठेवत," मीरा म्हणाली.

त्या घरातला तो सोफा, ती चंदनाची पावडर, तो समजूतदार आवाज. पुन्हा त्यांच्यासमोर बसावं लागेल, त्यांनी दिलेलं पाणी पुढ्यात येईल.  "तू गेटाबाहेर उभी राय," शेवंता म्हणाली. "आत मी जातो. कागद घेतल्याबिगर उठत नाही."

मीरानं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, खरं बोलतेय की नाही ते तपासत. मग आत जाऊन हात धुतले, गॅस बंद केला, आणि दाराशी येऊन वाकून चप्पल घालू लागली. आतल्या खोलीतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "मीरा, कोण हाय वं?"

"माझ्या कामाचे लोक हायेत, आई," मीरानं सांगितलं. "डबे कोणी न्यायले आलं तर थांबवजो."